घोड्याचा मागचा अर्धा

चष्मेवाल्याचा दिवस लोकांना नीट दिसावं म्हणून खटपट करण्यात जायचा आणि संध्याकाळ घोड्याच्या पोटात. ऐकणाऱ्याला वाटेल, माणूस कामातून गेला. तसं काही नव्हतं. गावात एक हौशी नाटकमंडळी होती आणि तिचं एक नाटक लोकांनी अगदी डोक्यावर घेतलं होतं. त्यात एक झोपाळू राजा होता, एक चोर होता आणि तुफान नावाचा घोडा होता. घोडा दोन माणसांचा. पुढच्या अर्ध्यात चष्मेवाल्याचा साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तो दिवसा बस चालवायचा. मागच्या अर्ध्यात चष्मेवाला.

पुढच्याचं सगळं बरं होतं. त्याला ताठ उभं राहता यायचं, घोड्याच्या तोंडाला लावलेल्या जाळीतून बाहेरचं दिसायचं, हातातल्या दोऱ्या ओढल्या की घोड्याच्या पापण्या मिटायच्या. मागच्याने कमरेत वाकायचं, कपाळ साडूच्या पाठीला टेकवायचं, डाव्या हाताने साडूचा पट्टा धरायचा आणि तो नेईल तिकडे जायचं. साडूने टाच एकदा आपटली की चाल, दोनदा आपटली की थांब, तीनदा आपटली की लाथ. अख्ख्या गावाला दृष्टी देणारा हा गृहस्थ नाटकभर डोळ्यांपुढे फक्त एक पट्टा बघत असे, आणि तोही अंधारात.

उजवा हात मात्र त्याचा स्वतःचा होता. त्या हातात शेपटीची दोरी. शेपटी त्याने स्वतः केली होती, मोडक्या छत्रीची स्प्रिंग आणि चष्म्याच्या तुटक्या काड्या जोडून. ती माशा हाकलायची, राग आला की ताठ व्हायची, लाज वाटली की पायांत शिरायची. पण ते बघत होतं कोण? कुणीच नाही, अशी चष्मेवाल्याची पक्की खात्री होती. फोटो काढणारा नेहमी पुढून काढायचा. नाटक संपलं की साडू घोड्याचं मुंडकं काढून काखेत मारायचा आणि टाळ्या घ्यायचा. मागचा अर्धा पोटाखालच्या हुकांनी बाहेरून बंद केलेला, ते हुक पडदा पडल्यावर बाई येऊन काढत. तोवर हॉल रिकामा होऊन झाडूवाला कामाला लागलेला असायचा.

बाई म्हणजे मंडळाच्या सर्वेसर्वा. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या आणि त्यानंतर कधीच निवृत्त न झालेल्या. नाटक त्यांनीच लिहिलं होतं. तालमीला आल्या की टाळी वाजवून विचारायच्या, "पुढचे आले का? मागचे आले का?" मागचे नेहमी आधी आलेले असायचे, कारण कोपऱ्यात घोडा झटकून ठेवायचं कामही मागच्यांचंच होतं.

इतकी वर्षं चष्मेवाल्याने हे हसतहसत घेतलं होतं. घोड्याच्या पोटात घाम गाळण्यातही एक मजा असते, आणि ती दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही. त्याचं हसू एका संध्याकाळी मावळलं, आणि तेही त्याच्या लाडक्या लेकीमुळे.

लेकीला सगळे मिरी म्हणत. एवढीशी आणि तिखट. शाळा सुटली की ती दुकानात यायची आणि नजर तपासायच्या अक्षरांच्या पाटीखाली स्टुलावर बसून गृहपाठ करायची. त्या दिवशी तिने वही मिटली आणि विचारलं, "बाबा, घोड्यात तुम्ही जे असता ना, त्याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?"

चष्मेवाला एका फ्रेमचा स्क्रू बसवत होता. "कशाला गं?"

"शनिवारी आमचा अख्खा वर्ग नाटकाला येणारे. टीचर म्हणाल्या, मिरीचे बाबा नाटकात आहेत, तर मिरी आपल्याला इंग्लिशमध्ये सांगेल बाबा काय आहेत ते. एकच शब्द सांगायचा. सगळ्यांसमोर."

"मग सांग की, ऑप्टिशियन."

"ते दुकानातलं. ते तर सगळ्यांना माहितीये. घोड्यातलं सांगा."

स्क्रू हातातून निसटला आणि फरशीवर कुठेतरी गेला. चष्म्याचा स्क्रू एकदा पडला की तो पुन्हा सापडेपर्यंत माणूस गुडघ्यांवर रांगतो, आणि रांगताना विचार करायला भरपूर वेळ मिळतो. चष्मेवाल्याने विचार केला. पोरगी सगळ्या वर्गासमोर उभी राहणार. टीचर विचारणार, मिरी, तुझे बाबा कोण? आणि मिरी सांगणार... काय सांगणार? घोड्याचं ढुंगण? त्या एका दिवसापासून शाळा कायमची सुटेपर्यंत तिला सगळे काय म्हणून हाक मारतील, हे त्याला स्टुलाखालूनच ऐकू येऊ लागलं. पोरं असल्या बाबतीत दयामाया दाखवत नाहीत.

"उद्या सांगतो," तो स्टुलाखालून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तालमीत चहा फिरत असताना त्याने विषय काढला. एवढं जाणतं मंडळ, एक बरासा शब्द निघणार नाही?

"त्यात काय एवढं! रिअर म्हणा," साडू म्हणाला. "आमच्या बसला रिअर लाइट असतो, रिअर टायर असतो."

"म्हणजे मी टायर?"

"टायरवर बस चालते हो साडूभाऊ!"

"आणि पंक्चरही टायरच होतं," चष्मेवाला म्हणाला. "पुढे बोला."

गादीवाला मिशीतल्या मिशीत हसत होता. घोडा त्यानेच शिवला होता, गादीच्या जाड कापडाचा, आत कापूस भरून. तोच नाटकात चोरही होता. म्हणजे स्वतः शिवलेल्या घोड्याची लाथ दर प्रयोगाला स्वतःच खायचा आणि पाण्याच्या टबात जाऊन पडायचा. तो म्हणाला, "बॉटम म्हणा. गादीला टॉप असतो आणि बॉटम असतो. आम्ही रोज म्हणतो."

"तुम्ही गादीला म्हणता. पोरं कशाला म्हणतील ते सांगू?"

सगळे खो खो हसले. फळवाला, जो राजा व्हायचा, त्याचा क्रिकेटवर फार जीव. तो म्हणाला, "टेल एंडर! झकास शब्द आहे. टेल आली, एंड आला, सगळं त्यात आलं."

"शून्यावर बाद होणारा तो टेल एंडर ना?"

"कधीकधी एखादा चौकारही मारतो तो."

"लास्ट म्हणा मग," गादीवाला म्हणाला.

"लास्ट म्हणजे वर्गात शेवटून पहिला. पोरगीला रडवायचंय का?"

मग नुसता एंड झाला, बॅक झाला, बॅक सीट झाली, बॅक गिअरसुद्धा झाला. बॅक त्यातल्या त्यात बरा होता, सभ्य होता, पण साडूने बोलताबोलता त्याला 'साइड' जोडली आणि चहाचा घोट बाईंच्या नाकातून बाहेर आला. बाईंनी पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "खरा शब्द 'हाइंड' असा आहे. हाइंड लेग्ज."

शब्द भारदस्त होता. पण तो कुणीच ऐकलेला नव्हता.

"आणि मग पोरांनी विचारलं, हाइंड म्हणजे काय?" चष्मेवाल्याने विचारलं.

"तर सांगायचं, मागचे पाय," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्याही लक्षात आलं की गाडी फिरून पुन्हा त्याच स्टॉपवर आली.

चष्मेवाला घरी जाताना चालत होता आणि शब्द त्याच्या डोक्यात गर्दी करून भांडत होते. इंग्रजी भाषा एवढी मोठी म्हणतात, जगभर पसरलेली म्हणतात, आणि तिच्यात एका सज्जन गृहस्थाला मागे उभं राहायला धड जागा नाही! त्याला इंग्रजीचाच राग आला. मग स्वतःचा आला. आणि चौकापाशी पोचेपर्यंत त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शब्द बदलत नसेल तर जागा बदलायची! शनिवारी एक दिवस तो पुढे उभा राहील, साडू मागे वाकेल. मग पोरीला एकच शब्द सांगायचा, फ्रंट. त्यावर कोण काय बोलणार आहे?

त्याने त्याच पावली साडूचं घर गाठलं. साडू मोकळ्या मनाचा माणूस. "एवढंच ना?" तो म्हणाला. "मिरी माझीही पोरगी आहे. मागे काय, नुसतं वाकायचं तर असतं."

हे 'नुसतं' चष्मेवाल्याला जरा बोचलं, पण गरजू माणसाने बोचलेलं दाखवायचं नसतं. दोघांनी ठरवलं की बाईंना काही सांगायचं नाही. बाईंना सांगितलं तर त्या नाही म्हणतील, आणि त्या नाही म्हणाल्या की विषय संपला. मिरीलाही सांगायचं नाही, तिला एकदम आनंदाचा धक्का द्यायचा.

बायकोला मात्र त्याने रात्री सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "आणि शेपटी?" तिने विचारलं.

"शेपटीकडे कोण बघतं!"

बायकोने टॉवेल झटकला आणि दुसरी घडी घातली. नवऱ्याचं डोकं एकदा भरधाव सुटलं की थांबा येईपर्यंत ते थांबत नाही, हे ती ओळखून होती.

शनिवारी हॉल गच्च भरला. मिरीचा वर्ग सगळ्यात पुढे, दोन रांगांत, टीचर कडेला. पडद्यामागे दोघे घोड्यात शिरले. बाई आल्या, पोटाखालचे हुक खटाखट लावले, घोड्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारून म्हणाल्या, "मागचे, आज शेपटी जोरात हं!" आणि निघून गेल्या.

"हो बाई," मागून साडू चष्मेवाल्याचा आवाज काढून म्हणाला.

बाहेर हे दोघे एकमेकांशी अहोजाहो करत. साडूच ते, मान ठेवावा लागतो. पण घोड्याच्या पोटात एवढी जागा नव्हती. आत शिरलं की दोघे सरळ अरेतुरेवर येत.

"अरे, इथे हवाच नाही!" साडू म्हणाला.

"असते. तोंडाने घे."

"आणि हे काय रुततंय माझ्या मांडीला?"

"शेपटीची दोरी. ती उजव्या हातात धर. नुसतं वाकायचं असतं ना? मग वाक."

पडदा उघडला. राजाने लगाम ओढला आणि गरजला, "चल, तुफान!"

तुफान जागचा हलला नाही.

"चल, माझ्या वाऱ्याच्या बछड्या!" राजा पुन्हा गरजला. लगाम ताणला गेला. घोडा ढिम्म. आत चष्मेवाला टाचेची वाट बघत होता. टाच आपटेल, मग आपण चालू, ही इतक्या वर्षांची सवय. मागे साडूही टाचेची वाट बघत होता, कारण त्याला तसंच सांगितलेलं होतं.

"अरे टाच!" मागून साडू कुजबुजला.

"आपट की मग!"

"मी काय आपटू? ड्रायव्हर तू आहेस आज!"

चष्मेवाल्याने जीभ चावली आणि टाच आपटली. घोडा निघाला. पण पाय निघाल्याबरोबर चष्मेवाल्याची पाठ आपोआप वाकली. वर्षानुवर्षं चालायचं म्हणजे वाकायचं, पाठीला दुसरं ठाऊकच नव्हतं. तो वाकला तसं घोड्याचं मुंडकं खाली गेलं आणि राजाचा तो तेजस्वी अश्व, जमिनीवर पडलेली सुई शोधत असावा तसा, नाक घासत रंगमंचावर आला. विंगेत बाईंनी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"मान वर!" साडूने पट्ट्याला हिसडा दिला.

चष्मेवाला ताठ झाला. मुंडकं वर आलं. आणि तोंडाच्या जाळीतून त्याला, आयुष्यात पहिल्यांदा, प्रेक्षक दिसले.

केवढे लोक! केवढा उजेड! त्याला एकदम गरगरल्यासारखं झालं. पहिल्या रांगेत मधोमध मिरी बसली होती, दोन्ही वेण्या पुढे घेऊन. त्याने हातातल्या दोऱ्या ओढल्या आणि घोड्याच्या पापण्या मिचकावल्या. तिच्यासाठी. खास तिच्यासाठी.

मिरी बघतच नव्हती.

त्याने पुन्हा मिचकावल्या, एकदा डावी, एकदा उजवी. शेजारचा पोरगाही बघत नव्हता. त्याच्या पलीकडची मुलगीही नाही. चष्मेवाल्याने जाळीला नाक लावून नीट पाहिलं. दोन्ही रांगांतल्या सगळ्या पोरांच्या माना एकाच बाजूला वळल्या होत्या. काही जण तर खुर्चीच्या दांड्यावर रेलून, शेजाऱ्याच्या अंगावर झुकून बघत होते. आणि सगळे बघत होते घोड्याच्या मागे.

शेपटीकडे.

"शेपूट हलव," चष्मेवाला आतल्या आत ओरडला.

"श्वास घेऊ की शेपूट हलवू?" मागून क्षीण आवाज आला. बसवाल्याचं पोट मोठं, ते वाकल्यावर कुठे ठेवायचं हाच त्याच्यापुढे मोठा प्रश्न होता. शेपटी ओल्या टॉवेलासारखी लोंबत होती.

राजाने ठरल्याप्रमाणे घोडा खांबाला बांधला आणि सिंहासनावर बसून घोरायला लागला. आता चोर येणार होता. हॉल शांत झाला. त्या शांततेत शेजारच्या पोराचा आवाज चष्मेवाल्याला स्पष्ट ऐकू आला. "ए मिरी, काहीच करत नाहीये. तू तर म्हणालीस, शेपटी बोलते."

"थांब ना. करेल," मिरी म्हणाली.

"थापाडी!" मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

मिरीचा खालचा ओठ पुढे आला. तो ओठ चष्मेवाल्याच्या ओळखीचा होता. त्या ओठापुढे त्याने आजवर अनेक बाबतीत माघार घेतली होती. ती खुर्चीवर उभी राहिली आणि घोड्याच्या मागच्या पायांकडे बोट दाखवून रडव्या आवाजात ओरडली, "टीचर, आत माझे बाबा नाहीयेत! हे माझे बाबा नाहीयेत!"

आता चष्मेवाल्याला उलगडा झाला. पोरीने वर्गाला आधीच सांगून ठेवलं होतं. लपवून नाही, मान खाली घालून नाही, छाती पुढे काढून सांगितलं होतं. माझ्या बाबांचं मागचं काम बघायला या, म्हणून तिने सगळा वर्ग बोलावून आणला होता. आणि बाबा? बाबा पुढे उभे राहून पापण्या मिचकावत होते! त्याला स्वतःच्या शहाणपणाची इतकी लाज वाटली की शेपटी हातात असती तर ती पायांत गेली असती.

"जागा बदलायची," तो म्हणाला.

"कधी?"

"आत्ता."

"आत्ता? इथे? खांबाला बांधलेलं असताना?"

"हुक बाहेरून लावलेत, बाहेर जाता येणार नाही. आतल्या आत फिरू. तू खाली वाक."

"वाकलोच आहे! आणखी वाकलो तर जमिनीत जाईन!"

"मग मी वरून येतो."

"माझ्यावरून? अरे, माझ्या कमरेचं काय?"

"मग खालून येतो. पाय फाकव!"

त्यानंतर रंगमंचावर जे घडलं ते पाहिलेली माणसं अजून धड सांगू शकत नाहीत, सांगायला लागली की त्यांनाच हसू फुटतं. आधी घोड्याची मान हळूच आत गेली. मग पोट एका बाजूने फुगलं, मग दुसऱ्या बाजूने. मानेच्या भोकातून एक हात बाहेर आला, त्याने हवेत काहीतरी शोधलं आणि तो परत आत गेला. घोडा खाली बसला, उठला, पुन्हा बसला. एका क्षणी त्याचे चारही पाय एकाच टोकाला होते आणि दुसऱ्या टोकाला कुणीच नव्हतं. एक बूट पोटाखालून घरंगळत येऊन सिंहासनापाशी थांबला. राजाने घोरताघोरता एक डोळा उघडला, समोरचा प्रकार पाहिला आणि झोपेतच राहणं बरं, असं ठरवून डोळा घट्ट मिटला.

चोर नेमका तेव्हाच चवड्यांवर आत आला. त्याचं पहिलं वाक्य होतं, "अहाहा, किती शांत रात्र!" समोर आपण शिवलेला घोडा कणीक मळल्यासारखा मळला जातोय हे पाहून गादीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो सगळं विसरून पुढे धावला आणि घोड्याच्या पाठीला दोन्ही हातांनी धरून म्हणाला, "शिवण! अहो शिवण सांभाळा! कापूस महाग झालाय!"

"तू सरक बाजूला!" घोड्याच्या पोटातून दोन आवाज एकदम आले.

आता मात्र हॉल फुटला. पोरं खुर्च्यांवर चढली, टीचर डोळे पुसत होत्या, मागच्या रांगेतले एक आजोबा उचकी लागून पाणी मागत होते. विंगेत बाई आधी रागाने लाल झाल्या, मग नुसत्याच लाल झाल्या आणि पडद्याची दोरी धरून गदागदा हसायला लागल्या.

आत अंधारात चष्मेवाला साडूच्या पायांमधून सरपटत पलीकडे निघाला. घामाचा, कापसाचा, जुन्या कापडाचा ओळखीचा वास आला. तो उठला, वाकला, कपाळ साडूच्या पाठीला टेकलं. डाव्या हाताला पट्टा लागला. उजव्या हाताने अंधारात चाचपडून दोरी शोधली. एक बोळ ओलांडून आपल्या घराच्या दारात यावं तसं त्याला वाटलं.

"बसलास का?" पुढून साडूने धापा टाकत विचारलं.

"बसलो."

त्याने दोरी फक्त करंगळीने ओढली. शेपटीचा नुसता शेंडा उचलला गेला, हळूच वळला आणि जणू विचारल्यासारखा तिथेच थांबला.

बाहेरचा गलबला एकदम कमी झाला. आणि मग त्याला तिचा आवाज आला.

"आले! टीचर, आले! माझे बाबा आले!"

चष्मेवाल्याला काही दिसत नव्हतं. डोळ्यांपुढे तोच पट्टा. पण कान उघडे होते, आणि मिरी आता थांबायला तयार नव्हती. ती खुर्चीवर उभी राहून अख्ख्या वर्गाला समजावून सांगत होती. "आता बघा, आता माशी येणार... हं, मारली! आता त्याला चोराचा वास आला, म्हणून शेपटी ताठ होणार... झाली बघ! आता चोर त्याला गूळ दाखवणार, तो लाजणार, पायांत घालणार... घातली!" तिला सगळं तोंडपाठ होतं. त्याने केलेली एकेक खोड, कधी काळी गंमत म्हणून घातलेली आणि स्वतःही विसरलेली, ती त्याच्या आधी सांगत होती आणि तो तिच्यामागोमाग करत होता. कुठल्या प्रयोगाला ती अंधारात बसून हे सगळं पाठ करत होती, देव जाणे. इतकी वर्षं तो म्हणत होता की मागे कोण बघतं, आणि इथे एक जणी दुसरं काहीच बघत नव्हती.

"आणि आता," मिरी श्वास रोखून म्हणाली, "आता लाथ!"

साडूची टाच तीनदा आपटली, पण चष्मेवाल्याने तिची वाट पाहिली नाही. मिरीने म्हटलं आणि लाथ गेली. गादीवाला पाण्याच्या टबात असा काही पडला की पहिली रांग भिजली आणि पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. तो टबात बसल्याबसल्याच घोड्याची शिवण तपासू लागला.

"मिरी," टीचर हसू आवरत म्हणाल्या, "आता तरी सांग सगळ्यांना. युअर फादर इज...?"

घोड्याच्या पोटात चष्मेवाल्याने दोरी घट्ट धरली. शब्द तर त्याने दिलाच नव्हता. रिअर, बॉटम, एंड, लास्ट, सगळे पुन्हा त्याच्या डोक्यात ढकलाढकली करू लागले. यातला कुठलाही म्हण पोरी, त्याने मनात म्हटलं, कुठलाही चालेल आता.

"हॉर्स," मिरी म्हणाली.

"अगं पण घोड्याचं तोंड तर पुढे आहे," शेजारचा पोरगा म्हणाला. "मग पुढे कोण आहे?"

"पुढे ना, माझे काका आहेत," मिरी म्हणाली, तिला हा प्रश्नच मुळी बावळट वाटला. "ते नुसते ड्रायव्हर आहेत."

हे ऐकून साडूला असं काही हसू लोटलं की घोड्याचा पुढचा अर्धा गदगदा हलायला लागला. मागचा अर्धा हुंदके देऊन रडत होता, त्यामुळे तोही हलत होता, आणि शेपटी मध्येच उजवीकडे, मध्येच डावीकडे जात होती. लोकांना वाटलं, बाईंनी या वेळी घोड्याला नाच शिकवलाय.